नेत्रावळीच्या तळीला टाळी ऐकू येते का?

सध्या मोबाईलवर परत एकदा नेत्रावळीच्या बुडबुड्यांच्या तळीची रील फिरतेय. कोणीतरी पायऱ्यांवर उभं राहून टाळ्या वाजवतं, पाण्यातून बुडबुड्यांची माळ वर येते आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं "गोव्यातला चमत्कार, विज्ञानाकडेही उत्तर नाही". हे वाचलं की मला राहवत नाही. टाळीच्या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर आहे, आणि ते त्या चमत्कारापेक्षा कितीतरी सुंदर आहे.

गोव्याची ट्रिप म्हणजे कळंगुट-बागा असं डोक्यात बसलेल्यांसाठी आधी पत्ता सांगतो. मडगावहून केपे, मग रिवण आणि पुढे सांगे तालुक्यातलं नेत्रावळी, मागे सगळा सह्याद्री आणि १९९९ साली जाहीर झालेलं २११ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. गावात गोपीनाथाचं देऊळ आहे आणि त्याच्याजवळ ही पायऱ्यांची चौकोनी तळी. केप्याला भाजी-पाव खाऊन निघालात तर वाटेत रिवणजवळ कुशावतीच्या काठावर उसगाळीमळची कातळशिल्पंही लागतात, जांभ्यावर कोरलेले बैल, हरणं, नाचणारी माणसं आणि एक मोठं गोल चक्रव्यूह. गाववाल्यांना ती माहीत होतीच, पुरातत्त्ववाल्यांपर्यंत ती १९९३ च्या सुमाराला पोचली. तिथे सकाळी लवकर जा, ऊन तिरपं असलं की रेषांमध्ये सावली पडते आणि चित्रं नीट दिसतात, भर दुपारी काहीच कळत नाही. मग तिथून तळीवर.

आता मुद्द्याचं. तळीच्या काठावर काही न करता नुसतं बसून राहिलात तर पहिली गोष्ट लक्षात येते की बुडबुडे तसेही येतच असतात. कधी या कोपऱ्यात, कधी मध्ये, कधी एकदम चार-पाच जागी, कधी थोडा वेळ काहीच नाही. आणि टाळी वाजवणारी माणसं बघा. बुडबुडा येईपर्यंत ती टाळ्या वाजवत राहतात, नाही आला तर बाजूचा म्हणतो "अरे जोरात वाजव", आणि आला की सगळे खूश होऊन थांबतात. म्हणजे शेवटची टाळी आणि बुडबुडा यांची जोडी प्रत्येक वेळी जुळणारच. खोटं कोणीच बोलत नाही, पण न टाळी वाजवता आलेले बुडबुडे कोणी मोजलेलेच नसतात.

दुसरी गोष्ट वेळेची. काही मिलिमीटर आकाराचा हवेचा बुडबुडा पाण्यातून सेकंदाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर वेगाने वर येतो. म्हणजे पाणी एक मीटर खोल असेल तर तळापासून वर यायला त्याला चारेक सेकंद लागतात, आणि टाळी वाजल्यावर लगेच जो बुडबुडा फुटताना दिसतो तो तुम्ही हात वर उचलायच्या आधीच तळातून निघालेला असतो. एवढं एकच गणित त्या रीलला पुरेसं आहे खरं तर, पण मला टाळीचं पाण्यात नेमकं काय होतं ते सांगायचंच आहे.

आवाज म्हणजे हवेच्या दाबात होणारे बारीक चढउतार. आपल्या डोक्यावरच्या हवेचा दाब साधारण १ लाख पास्कल असतो (पास्कल हे दाब मोजायचं माप). जोरात वाजवलेल्या टाळीने एक मीटरवर त्यात पडणारा फरक असतो जेमतेम १ पास्कलच्या आसपास, म्हणजे ९४ डेसिबल. हा आवाज पाण्यावर आदळतो तेव्हा बहुतेक सगळा परत फिरतो, कारण पाणी हवेच्या मानाने फार जड आणि फार ताठ, हवा त्याला ढकलूच शकत नाही. किती ताठ हे मोजायला घनता गुणिले आवाजाचा वेग असा आकडा काढतात, तो हवेसाठी ४१० च्या आसपास येतो आणि पाण्यासाठी जवळजवळ १५ लाख, म्हणजे साडेतीन हजार पटींहून जास्त. इतका फरक असला की आवाजातल्या ऊर्जेपैकी हजारातला एखादाच भाग पाण्यात उतरतो. इथे एक गंमत आहे जी बरेच लोक विसरतात, ऊर्जा हजारात एक उतरते पण दाब मात्र पृष्ठभागावर दुप्पट होतो, कारण येणारी आणि परत फिरणारी लाट एकमेकींत मिसळतात. म्हणून टाळीला जास्तीत जास्त सूट देऊन आपण पाण्यातला फरक २ पास्कल धरू.

२ पास्कल म्हणजे किती? एक मीटर पाण्याचा दाब असतो जवळजवळ १० हजार पास्कल, तर २ पास्कल म्हणजे ०.२ मिलिमीटर पाणी. म्हणजे तुमची टाळी तळीला जेवढी जाणवते तेवढी पाण्याची पातळी एका मिलिमीटरच्या पाचव्या भागाने हलली तरी जाणवेल, आणि तीसुद्धा सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरती. पाण्यावर वाऱ्याने उठणारी साधी लाट याच्यापेक्षा मोठी असते.

थोडं फिजिक्स वाचलेला कोणीतरी इथे अडवणार, की बुडबुडे आवाजाला घुमतात त्याचं काय? बरोबर आहे, मिनार्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९३३ साली दाखवलं की पाण्यातला प्रत्येक बुडबुडा त्याच्या आकाराप्रमाणे ठरलेल्या सुरात वाजतो, साधारण ३ मिलिमीटर त्रिज्येचा असेल तर १ हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे सेकंदाला हजारेक कंपनं, आणि टाळीत त्या पट्टीतला आवाज असतो. पण २ पास्कलला बुडबुडा घुमून घुमून तरी किती हलेल, तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकंही नाही. चिखलात रुतलेला असेल तर तेवढंही नाही, कारण चिखल ते कंपन लगेच गिळून टाकतो. एवढ्याने तो तळ सोडून निघणार नाही.

मग तो निघतो कशाने? हा माझा सगळ्यात आवडता भाग.

तळात वायू येण्याचे दोन मोठे मार्ग. एक, खडकांतून येणाऱ्या भूजलात वायू विरघळलेला असतो आणि पाणी वर येताना दाब कमी झाला की तो बाहेर पडतो, सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच. दोन, पानं-काटक्या चिखलात कुजतात, खाली ऑक्सिजन पोचत नाही, तिथे जगणारे सूक्ष्मजीव मिथेन बनवतात. हा मिथेन व्होल्टाने, बॅटरी शोधणाऱ्या त्याच व्होल्टाने, १७७६ मध्ये इटलीतल्या मॅजोरे सरोवरात काठीने चिखल ढवळून बाटलीत धरला आणि पेटवून दाखवला. (देवळाच्या तळीत हा प्रयोग करू नका, कृपा करून.) नेत्रावळीच्या वायूबद्दल वेगवेगळी मतं ऐकू येतात, पण आपल्या प्रश्नासाठी वायू कुठला यापेक्षा तो सुटतो कसा हे महत्त्वाचं.

मऊ चिखलात वायू गोल बुडबुडा होऊन बसत नाही. तो चिखल फाडत उभी पातळ भेग पाडतो आणि त्या भेगेत साचत जातो. त्याला धरून ठेवतात तीन गोष्टी, वरची हवा, वरचं पाणी आणि चिखलाची चिकाटी. आतला दाब या तिघांवर भारी पडला की भेग वर सरकते, तोंड उघडतं, बुडबुडा सुटतो आणि मागे वाट राहते. त्या वाटेने मागचे बुडबुडे सहज येतात, म्हणून एकाच जागेवरून माळ निघते आणि मग ती जागा गप्प होते, पुन्हा वायू साचेपर्यंत. म्हणजे मधूनमधून झुबक्याने येणं हा त्यांचा स्वभावच आहे, त्याला कोणी हाक मारावी लागत नाही.

आणि या तिघांपैकी एक रोज बदलतो, तो म्हणजे हवेचा दाब. समुद्राला भरती-ओहोटी असते हे गोव्यात कोणाला सांगायला नको, पण हवेलाही असते आणि आपल्याकडच्या उष्ण पट्ट्यात ती चांगली ठळक दिसते. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला हवेचा दाब सगळ्यात जास्त, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमाराला सगळ्यात कमी. चंद्राचा इथे फारसा हात नाही, सूर्याच्या उष्णतेने वरच्या थरांतला ओझोन आणि हवेतली वाफ तापते त्यातून ही लाट उठते. सकाळी दहा ते दुपारी चार यात दाब साधारण ३ हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे ३०० पास्कल, म्हणजे ३ सेंटिमीटर पाणी. टाळीच्या दीडशे पट, आणि टाळीसारखं क्षणभर नाही, तासन् तास. दाब उतरला की चिखलातला वायू फुगतो आणि भेगा उघडतात. जगभरच्या तलावांत हे मोजलेलं आहे, हवेचा दाब किंवा पाण्याची पातळी उतरताना बुडबुडे वाढतात. पावसाळी कमी दाबाचा पट्टा आला तर फरक याहून मोठा पडतो.

मला राग येतो तो रीलवाल्यांचा, तळीला हात जोडणाऱ्यांचा नाही. गोपीनाथाला नमस्कार करायला बुडबुड्यांचा पुरावा लागत नाही, गाववाले पिढ्यानपिढ्या तो करत आलेत. पण "देव टाळीला उत्तर देतो" म्हणून व्ह्यूज गोळा करायचे आणि "विज्ञान हरलं" असं खाली लिहायचं, हे देवालाही शोभत नाही आणि विज्ञानालाही. रिवणच्या कोरीव गुहांचंही तेच, जुनं काही दिसलं की पांडवांनी बांधलं म्हणून मोकळे, मग ते कोरणाऱ्या माणसांबद्दल कोणी विचारच करत नाही.

तिथे गेलात तर प्रयोग करा. एकाने मोबाईल स्थिर ठेवून फक्त पाण्याचा व्हिडिओ घ्यायचा, दुसऱ्याने फ्रेमच्या बाहेर बसायचं. दर अर्ध्या मिनिटाने नाणं उडवायचं, छापा आला तर टाळी, काटा आला तर गप्प, आणि वहीत लिहून ठेवायचं. पायऱ्यांवर पाय आपटायचे नाहीत आणि पोरांना धावू द्यायचं नाही, कारण दगडातून पाण्यात जाताना आवाजाला हवेसारखी अडचण येत नाही. मग घरी येऊन तिसऱ्या माणसाला, ज्याने वही पाहिलेली नाही त्याला, आवाज बंद करून व्हिडिओ दाखवायचा आणि प्रत्येक अर्ध्या मिनिटातले बुडबुडे मोजायला लावायचे. दहा-बारा वेळा करून भागणार नाही, निदान शंभरेक तुकडे हवेत, कारण झुबक्याने येणाऱ्या गोष्टी थोड्या मोजल्या की हमखास फसवतात.

आणि जमलं तर हे दोनदा करा, सकाळी दहाला आणि दुपारी चारला, मधल्या वेळात सावरीचा धबधबा बघून या. हल्ली बऱ्याच मोबाईलमध्ये हवेचा दाब मोजायचा सेन्सर असतो, त्याचा आकडा प्रत्येक वेळी शेजारी लिहा. मी पैज लावून सांगतो, छापा-काट्याच्या रकान्यांत काही फरक पडणार नाही, फरक दिसलाच तर तो दहाच्या आणि चारच्या रकान्यांत दिसेल.