तीस डबे आणि वर्गमूळाचा नियम

वृद्धांसाठी सेवा सुरू केली की गरजू आपोआप तिच्यापर्यंत येतात, हा समज अमेरिकेतही चांगलाच रुळलेला आहे, आणि तो चुकीचा आहे. तिथल्या 1965 च्या ‘ओल्डर अमेरिकन्स अ‍ॅक्ट’ या कायद्यानुसार 60 वर्षांवरील व्यक्तींना जेवण, वाहतूक, सल्ला अशा सेवा मिळतात आणि त्यासाठी उत्पन्नाची अट घालता येत नाही. मात्र ज्यांची गरज सर्वाधिक आहे त्यांना, विशेषतः गरीब अल्पसंख्याक आणि ग्रामीण वृद्धांना, प्राधान्य द्यावे, असेही हाच कायदा सांगतो. त्यामुळे निधी वाटतानाच असे वृद्ध जिथे अधिक, तिथे अधिक वाटा जाईल अशी सूत्रे राज्ये आखतात.

सूत्राने पैसा पोचतो. वृद्धांच्या घरी जेवणाचा डबा पोचण्याचे गणित मात्र निराळे आहे आणि मला ते विलक्षण सुंदर वाटते. विखुरलेल्या अनेक ठिकाणांना एकेकदा भेट देऊन परत येणारा सर्वांत छोटा मार्ग किती लांब असेल, याचा नियम बिअर्डवूड, हाल्टन आणि हॅमर्सली या गणितज्ञांनी 1959 साली सिद्ध केला. घरांची संख्या आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार करावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि त्याला सुमारे 0.71 ने गुणावे. घरे मोजकी असतील तर हे उत्तर ढोबळच मानायचे, पण अंदाजाला ते पुरते. समजा, 30 घरे 10 चौरस किलोमीटरच्या शहरी वस्तीत आहेत. तर फेरी सुमारे 12 किलोमीटरांची होते. तीच 30 घरे 1,000 चौरस किलोमीटरच्या ग्रामीण भागात पसरली, तर फेरी 123 किलोमीटरांवर जाते. प्रत्येक दारात तीन मिनिटे धरली, तर शहरातली फेरी दोन तासांच्या आत आटोपते. ग्रामीण फेरीला ताशी 60 किलोमीटरच्या वेगानेही साडेतीन तास लागतात. डबे मात्र दोन्हीकडे तीसच.

एवढ्या वेळात अन्न निवते. गरम पदार्थ आणि बाहेरची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगाने उष्णता निघून जाते, म्हणून हिवाळ्यात दर थांब्याला पेटीचे झाकण उघडणे फारच महाग पडते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची आदर्श नियमावली गरम अन्न 57 अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाला ठेवण्यास सांगते, कारण त्याखाली क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्ससारखे जिवाणू वाढू लागतात. त्यांचे बीजाणू शिजवण्यातूनही तगून राहतात. त्यामुळे दूरच्या घरांना अनेकदा आठवड्याचे गोठवलेले डबे एकदम दिले जातात. पोषणाची सोय त्याने होते, पण रोज दार वाजवणारा माणूस जातो, आणि कालचा डबा तसाच पडला आहे किंवा आजींचा चेहरा उतरला आहे, हे त्याच माणसाच्या लक्षात येत असते. एखादे अ‍ॅप ही उणीव भरून काढील असा जो गाजावाजा होतो, तो मला पटत नाही. ज्या घरात इंटरनेटच धड पोचत नाही, तिथे अ‍ॅप काय करणार?

दाट वस्तीतल्या गरीब अल्पसंख्याक वृद्धांच्या बाबतीत रस्ता छोटा असतो, तरी दार उघडेलच असे नाही. ‘त्यांची कुटुंबे मोठी असतात, ती सांभाळून घेतात’ हे वाक्य सेवा न पोचल्याचे कारण म्हणून सर्रास सांगितले जाते. त्या घरातली लेक दोन नोकऱ्या करून आईला सांभाळत असेल, तर मदतीची गरज तिथे दुप्पट असते. अविश्वासालाही इतिहास आहे. अलाबामातील टस्कीगी इथे 1932 ते 1972 या काळात सरकारी आरोग्य सेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांच्या सिफिलिसवर, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही, उपचार न करता केवळ निरीक्षण चालू ठेवले. ही बातमी फुटली तेव्हा जे तिशीत होते, ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या दारात अनोळखी माणूस अर्ज घेऊन उभा राहिला, तर तो अर्ज टेबलावर तसाच राहतो. तोच अर्ज त्यांच्या चर्चमधल्या ओळखीच्या बाईने शेजारी बसून वाचून दाखवला, तर त्यावर सही होण्याची शक्यता कितीतरी वाढते.