कॅन्सरच्या उपचाराला सरकारी मदत: पुण्यात अर्ज कुठं अडतात आणि का

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण निम्मी लोकं इथंच अडकतात. महात्मा फुले योजना, आयुष्मान, मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान निधी, यातलं काहीही तुम्ही भरलेलं बिल परत देत नाही. "आधी पैसे भरा, मग योजनेतून मिळतील" असं कोणी सांगितलं असेल, मग तो हॉस्पिटलचा माणूस असो नाहीतर तुमचा मेव्हणा, तर ते चूक आहे. मंजुरी आधी, उपचार नंतर, आणि पैसे थेट हॉस्पिटलच्या खात्यात. डिस्चार्ज झाल्यावर बिलांचा गठ्ठा घेऊन आलेल्या माणसाला काही करता येत नाही आणि अशी माणसं रोज येतात, दागिने मोडून पैसे भरलेली असतात, बघवत नाही.

म्हणून कागद गोळा करायला सुरुवात करायची ती बायप्सीला (गाठीचा तुकडा तपासायला) दिलं त्या दिवशी. रिपोर्ट यायला काही दिवस जातातच, तेवढ्यात घरातल्या एकाने फक्त कागदांच्या मागे लागायचं. पेशंटसोबत सगळ्यांनीच बसून राहण्याची गरज नसते. आणि रिपोर्ट चांगला आला तर उत्पन्नाचा दाखला काढला म्हणून काही नुकसान नाही, पोरांच्या फी सवलतीला येईल कामाला.

आता महात्मा फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून ही योजना पिवळ्या-केशरीसोबत पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तरी अजून लोकं म्हणतात "आमचं पांढरं आहे, आम्हाला नाही मिळणार" आणि चौकशीच करत नाहीत. विचारा हो, विचारायला काय जातंय. रेशनकार्डच नाही अशा कुटुंबांनी अधिवासाच्या दाखल्यावर होतं का ते आरोग्यमित्राला विचारायचं. आरोग्यमित्र म्हणजे योजनेत असलेल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये बसणारा माणूस, त्याचं टेबल बहुतेक कुठल्यातरी कोपऱ्यात असतं, बिलिंग काउंटरला विचारू नका, थेट आरोग्यमित्र कुठं बसतात ते विचारा. योजनेत आहे म्हणजे त्या हॉस्पिटलमधले सगळे विभाग आहेत असंही नसतं, कुठं कॅन्सरची सर्जरी योजनेत असते पण रेडिएशनचं मशीनच नसतं, मग अर्ध्यावर दुसरीकडे जावं लागतं. त्यामुळं सुरुवातीलाच विचारायचं, सर्जरी, केमो आणि रेडिएशन तिन्ही इथंच होणार का. हेल्पलाइन १५५३८८ किंवा १८०० २३३ २२००.

अडतं कुठं? रेशनकार्डावर पेशंटचं नावच नसतं. लग्न होऊन आलेली सून, नाव अजून माहेरच्या कार्डावर. वेगळा राहायला लागलेला मुलगा, नाव वडलांच्या कार्डावर आणि वडील गावी. गावावरून आईला उपचाराला पुण्यात आणलेलं, कार्ड बार्शीचं. यातलं शेवटचं अडचणीचं नाही बरं का, योजना अख्ख्या राज्यात चालते, कार्ड महाराष्ट्रात कुठलंही असू दे. पण नाव नसेल तर अडचण आहे, आणि ते चढवायला माहेरच्या कार्डावरून आधी कमी करावं लागतं, त्याला वेळ जातो. पुणे शहरात हे काम परिमंडळ कार्यालयात (शहरातलं रेशनकार्डाचं ऑफिस) होतं, ग्रामीण भागात तहसीलच्या पुरवठा शाखेत. जाताना कॅन्सरचा रिपोर्ट आणि हॉस्पिटलचं पत्र सोबत न्यायचं आणि वैद्यकीय कारण आहे असं अर्जात मोठ्या अक्षरात लिहायचं, नाहीतर तुमचा कागद बाकीच्या ढिगात जातो. लहान मूल असेल आणि नाव चढवलेलं नसेल तर जन्मदाखला घेऊन आरोग्यमित्राकडे जा, त्यावर होतं.

दुसरं म्हणजे स्पेलिंग. आधारवर सुनीता, रेशनकार्डावर सुनिता, रिपोर्टवर लॅबवाल्याने लिहिलेलं संगीता. हे हसण्यासारखं वाटतं पण फाइल याच्यावर परत येते. बायप्सीचा नमुना देताना फॉर्मवर आधारवर आहे तसंच नाव लिहा, वय सुद्धा. लॅबचा रिपोर्ट नंतर दुरुस्त करून घ्यायचा म्हणजे परत फेऱ्या.

तिसरं, रेशनकार्डाचा बारा अंकी नंबर. जुन्या कार्डावर हाताने लिहिलेला नंबर असतो, सिस्टीमला ऑनलाइन नोंद असलेला बारा अंकी लागतो. कार्ड जुनं असेल तर रेशन दुकानदाराकडून आधी हा नंबर घेऊन ठेवा.

बाकी फोटो, आधारची झेरॉक्स, डॉक्टरचं पत्र वगैरे नेहमीचंच. कॅन्सरला बायप्सीचा रिपोर्ट आणि स्कॅन लागतातच, नुसतं "संशय आहे" यावर मंजुरी येत नाही. आणि एकदा मंजुरी आली म्हणजे संपलं असंही नाही, केमोच्या प्रत्येक सायकलला (फेरीला) परत मंजुरी घ्यावी लागते. दुसऱ्या सायकलच्या दिवशी सकाळी पेशंट उपाशीपोटी येऊन बसलाय आणि मंजुरी टाकलेलीच नाही असं होतं. तारीख मिळाली की दोन-तीन दिवस आधी आरोग्यमित्राला फोन करत जा. काही महागडी नवीन औषधं योजनेच्या पॅकेजमध्ये बसत नाहीत, हेही डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारायचं, "यातलं योजनेत काय आणि बाहेरून काय."

घरात ७० च्या वरचं कोणी असेल तर त्यांचं वेगळं आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड चालू झालं, उत्पन्नाची अट नाही, रेशनकार्ड नाही, फक्त आधार. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतो. केंद्र सरकारी पेन्शनर सीजीएचएसमध्ये असतील नाहीतर माजी सैनिक ईसीएचएसमध्ये असतील (या त्यांच्या आरोग्य योजना) तर मात्र दोन्हीतलं एकच घ्यावं लागतं, नीट विचार करून ठरवा. वय आधारवरचं धरतात. आजोबा ७४ चे आहेत हे सगळ्या वाड्याला माहितीये पण आधारवर ६८ लिहिलंय, तर ते ६८ चेच. आधारची जन्मतारीख बदलायला पुरावा लागतो आणि जुन्या माणसांकडे शाळेचा दाखला सापडत नाही, म्हणून घरात सगळे धडधाकट असतानाच हे करून ठेवलेलं बरं.

आता मुख्यमंत्री सहायता निधी. इथं सगळा खेळ उत्पन्नाच्या दाखल्याचा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या आत पाहिजे आणि दाखला तहसीलदाराचा, चालू आर्थिक वर्षाचा. चालू आर्थिक वर्ष म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च. फेब्रुवारीत काढलेला दाखला मेमध्ये जोडला की संपलं, "तीनच महिने झाले की साहेब" याला काही अर्थ नाही. तलाठ्याचा दाखला वेगळा आणि तहसीलदाराचा वेगळा, तलाठ्याचा अहवाल जोडून पुढं तहसीलदाराचा मिळतो. नगरसेवकाचं पत्र हा उत्पन्नाचा दाखला नाही, हे किती वेळा सांगायचं.

दाखला आपले सरकार पोर्टलवर नाहीतर महा-ई-सेवा केंद्रातून मिळतो, मुदत १५ दिवसांची आहे. पुण्यात गंमत अशी की पुणे शहर आणि हवेली हे दोन वेगळे तालुके आहेत. धायरी, वाघोलीचा माणूस म्हणतो आम्ही महापालिकेत, आमचं पुणे शहर, आणि अर्ज टाकतो शहर तहसीलला. महापालिकेत असलात तरी महसूल हवेलीचा. अर्ज फिरून परत येईपर्यंत पंधरवडा गेलेला असतो. लाइट बिलावर नाही, सातबारा किंवा आधीच्या एखाद्या दाखल्यावर तालुका कुठला आहे ते बघा.

उत्पन्न खोटं कमी लिहू नका. मुलगा कंपनीत आहे, पगार बँकेत येतो, आणि घराचं उत्पन्न चाळीस हजार लिहिलेलं. पकडलं गेलं की पेशंटचा अर्ज जातो, बाकी काय व्हायचं ते नंतर.

दुसरा अडणारा कागद म्हणजे खर्चाचं अंदाजपत्रक. हॉस्पिटलचं एस्टिमेट सही-शिक्क्याचं हवं आणि हॉस्पिटल खासगी असेल तर ते जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. पुण्यासाठी ते औंधच्या जिल्हा रुग्णालयात. लोकं हे पान सोडूनच अर्ज पाठवतात कारण हॉस्पिटलवाले सांगतच नाहीत. शिवाय हॉस्पिटल निधीच्या यादीवर नोंदलेलं पाहिजे, नसेल तर अर्ज कितीही चांगला भरा. आता मुंबईला मंत्रालयात जायची गरज नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष आहे, तिथं आधी फाइल दाखवून घ्या. जो उपचार त्याच हॉस्पिटलमध्ये महात्मा फुले योजनेत बसतो त्याला निधीतून मदत मागितली तर तिकडेच पाठवतात, म्हणून क्रम लक्षात ठेवा, आधी योजना, मग निधी. पंतप्रधान निधीचंही साधारण असंच, हॉस्पिटल त्यांच्या यादीवर पाहिजे.

धर्मादाय हॉस्पिटलांचं बऱ्याच लोकांना माहितीच नसतं. पुण्यातली बरीच मोठी, चकाचक हॉस्पिटलं ट्रस्टची आहेत आणि कायद्याने त्यांना १० टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकासाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हायकोर्टाच्या आदेशानंतर २००६ पासून ही योजना आहे. निर्धन म्हणजे वार्षिक १ लाख ८० हजारांपर्यंत, दुर्बल म्हणजे ३ लाख ६० हजारांपर्यंत. म्हणजे निधीत न बसणारा रिक्षावाला, वॉचमन, छोटा दुकानदार इथं बसू शकतो. रिसेप्शनवर विचारलं तर "खाटा फुल आहेत" असं उत्तर येतं. मेडिकल सोशल वर्करला भेटायचं, अर्ज लेखी द्यायचा आणि पोचवर तारीख-शिक्का घ्यायचा. "नाही" हे लेखी द्या म्हटलं की खाट कधीकधी रिकामी होते. तरी नाहीच झालं तर ढोले पाटील रोडला सहधर्मादाय आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथं तक्रार करता येते. अर्ज मात्र अ‍ॅडमिट होतानाच द्या, बिल बनल्यावर निर्धन असल्याचं आठवलं तर कोणी ऐकत नाही.

पुणे महापालिकेची शहरी गरीब योजनाही आहे, कॅन्सर, किडनी, हृदयविकाराला वर्षाला २ लाखांपर्यंत मदत, उत्पन्नाची मर्यादा १ लाख ६० हजार. कार्ड ३१ मार्चला संपतं, दरवर्षी नवीन करावं लागतं, केमो मार्च-एप्रिलमध्ये चालू असेल तर याच्यावर डोळा ठेवा. आणि ही फक्त पुणे महापालिकेच्या हद्दीतल्यांना. वाकड, पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवडमध्ये येतं. कॅम्पातली लोकं कॅन्टोन्मेंटची, त्यांना तर दोन्हीकडून नाही म्हणतात. तीन किलोमीटरवर हद्द बदलते आणि आजार तोच असतो, पण ते कोणाला सांगणार.

हे सगळं चालू असताना उपचार थांबवायचा नाही. कागद येईपर्यंत थांबू म्हणून दोन महिने गाठ तशीच ठेवलेली माणसं येतात, फार वाईट वाटतं. ससूनला दाखवा, तपासण्या आणि स्टेजिंग (आजार किती पसरलाय ते बघणं) चालू करा, कागद समांतर होऊ देत. लवकर पकडलेला स्तनाचा, गर्भाशयमुखाचा किंवा तोंडाचा कॅन्सर बरा होण्याची शक्यता खरंच चांगली असते, आणि लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये पूर्ण बरी होऊन शाळेत परत जाणारी पोरं भरपूर आहेत. म्हणून घरात ३० च्या वर जे कोणी आहे त्यांनी जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तोंड, स्तन, गर्भाशयमुख ही तपासणी करून घ्यावी, फुकट आहे. मिश्री, तंबाखूवाल्यांनी तर तोंडातला पांढरा चट्टा किंवा तोंड कमी उघडणं याला "उष्णता झालीये" म्हणून सोडू नये.

मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलला जाणाऱ्यांसाठी, कारण पुण्यातून रोज जातात. रेल्वेची सवलत आहे आणि लोकं वापरतच नाहीत. स्लीपर आणि थर्ड एसीला पेशंटचं पूर्ण तिकीट माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. सेकंड क्लास आणि एसी चेअर कारला दोघांनाही ७५ टक्के, म्हणजे डेक्कन क्वीनला हेच लागू. यासाठी रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा दाखला लागतो, साध्या लेटरहेडवरचं पत्र खिडकीवर परत करतात. तिकीट काउंटरवरूनच काढायचं, मोबाइलवर ही सवलत मिळत नाही. साध्या एसटीतही सवलत आहे, डेपोत विचारा. मुंबईत राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, तिथं जायचं तर टाटाच्या सोशल वर्करकडून पत्र घेऊन जा, नुसती फाइल दाखवून जागा मिळेल असं धरून रात्री पोचू नका. आणि यातला एकही फॉर्म विकत मिळत नाही, हॉस्पिटलच्या गेटबाहेर कोणी "मंजुरी करून देतो, पाच हजार" म्हणाला तर त्याला पैसे पण देऊ नका आणि आधारची झेरॉक्स तर अजिबातच नाही.