एचपीव्ही आणि ‘चारित्र्या’ची भानगड

‘एचपीव्ही बाहेरख्याली लोकांना होतो, आपल्याला काय त्याचं?’ गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या या विषाणूबद्दलचा (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस) हा समज काही केल्या जात नाही. तो साफ चुकीचा आहे. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी या विषाणूची लागण होते. जोडीदार एकच असला तरीही. लागण वर्षानुवर्षं सुप्त राहू शकते, त्यामुळे आज रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून नवऱ्यावर किंवा बायकोवर संशय घेण्यात अर्थ नाही. (घरोघरी नेमकं तेच होतं!)

विषाणू पसरतो तो मुख्यतः जननेंद्रियांच्या त्वचेचा त्वचेशी संपर्क आल्याने. म्हणून कंडोममुळे धोका कमी होतो, पण शून्य होत नाही. न झाकलेली त्वचा उरतेच. बहुतेकांचं शरीर दोनेक वर्षांत विषाणूला आपसूक हुसकावतं. चिवटपणे टिकतो तिथे काळजी. विशेषतः १६ आणि १८ हे प्रकार: गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे हेच दोघे.

लस ९ ते १४ या वयात, म्हणजे संबंध सुरू होण्याआधी, सर्वात उपयोगी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हावॅक’ ही भारतीय लसही आता मिळते. मुलग्यांनाही ती देता येते, हे अनेक आईबापांच्या गावीच नसतं.

लस घेतली तरी तिशीनंतर स्त्रियांना गर्भाशयमुखाची तपासणी हवीच. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांत झालेल्या अभ्यासात, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एकाच एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.