महापालिकेच्या शाळेचा निकाल कमी म्हणजे तिथं शिकवत नाहीत?

'पालिकेच्या शाळांचे सरासरी गुण कमी, म्हणजे तिथं शिकवतच नाहीत' हा वर्षानुवर्षं फिरणारा मेसेज कोल्हापुरात बहुतेकांनी वाचला असेल. संशय येणं स्वाभाविक आहे, पण सरासरीवरून एवढा निष्कर्ष निघत नाही.

शाळेच्या सरासरीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: मूल कुठून आलं आणि शाळेनं त्याला कुठवर नेलं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत कामाला आलेल्यांची, बांधकामावरच्या मजुरांची मुलं याच शाळांत येतात. कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी हिंदी. जूनमध्ये अक्षर न ओळखणारी पोरगी मार्चमध्ये अडखळत का होईना, पूर्ण परिच्छेद वाचते, तेव्हा शाळेनं मोठं काम केलेलं असतं. सरासरीत मात्र ती 'कमी गुणांची'च दिसते. गरीब घरचं मूल मागेच राहणार, असंही नाही. याच शहरात पालिकेच्या काही शाळांत प्रवेशासाठी पालक रांगा लावतात.

दुसरं गणिताचं. वर्गात 12 मुलं असतील, तर एका मुलानं निकाल 8 टक्क्यांनी हलतो! शिष्यवृत्ती परीक्षेचे आकडे बघताना तर पटावर किती आणि परीक्षेला बसवले किती, हे आधी विचारा. निवडक मुलं बसवली की टक्केवारी आपोआप वर जाते.

पडताळायचं तर यू-डायसच्या, म्हणजे शाळांची सरकारी माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर शाळेची पटसंख्या, शिक्षकसंख्या बघा. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. मग शाळेत जाऊन त्याच मुलांची गेल्या वर्षीची आणि यंदाची प्रगती विचारा, जमलं तर चौथीच्या एखाद्या पोराला धडा वाचायला सांगा.