क्षेत्रकार्य (समाजकार्य शिक्षण), नागपूर

समाजकार्याच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमातील प्रत्यक्ष कामाचा सक्तीचा भाग. विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘फिल्डवर्क’. आठवड्यातले साधारण दोन दिवस विद्यार्थी स्वयंसेवी संस्थेत, रुग्णालयात, बालगृहात किंवा वस्तीत काम करतो, उरलेले दिवस वर्गात बसतो. १९३६ साली मुंबईत निघालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्कपासून भारतात या शिक्षणाची सुरुवात झाली.

नागपुरात मात्र काम आधी आले आणि कॉलेज मागाहून. कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये प्रसूतिगृहापासून उभ्या केलेल्या मातृ सेवा संघानेच १९५८ मध्ये समाजकार्याची शिक्षणसंस्था काढली. पुढे तिरपुडे समाजकार्य महाविद्यालयही आले.

पहिल्या वर्षाला वस्ती मिळाली की पहिले काही आठवडे ओळखी करण्यातच जातात. दुपारी बारा वाजता गेलेल्याला घरे बंद दिसतात, कारण बाया धुण्याभांड्याच्या कामावर गेलेल्या असतात. नळाच्या वेळी गेले तर कोणाला बोलायला फुरसत नसते. वस्तीची वेळ पाठ होईपर्यंत समुदाय संघटनाचे, म्हणजे वस्तीतल्या लोकांना एकत्र आणण्याच्या विषयाचे, वर्गातले टिपण फारसे उपयोगी पडत नाही. रुग्णालयात काम वेगळे. तिथे वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाच्या हाताखाली शासकीय योजनेसाठी रेशनकार्ड-आधारची जुळवाजुळव करून देणे, ट्रस्टकडे मदतीचा अर्ज लिहिणे आणि गडचिरोली-भंडाऱ्याकडून आलेल्या नातेवाइकांची रात्रीची सोय बघणे हेच व्यक्तिसहाय्य कार्य (एकेका माणसाची अडचण सोडवायला मदत करणे, ‘केसवर्क’) ठरते.

दर भेटीचा अहवाल लिहावा लागतो. ‘महिलांचे समुपदेशन केले’ एवढेच लिहिणाऱ्याला चांगला मार्गदर्शक परत पाठवतो: ती काय म्हणाली, तू काय म्हणालास, ती गप्प का झाली? पुस्तकातला सिद्धान्त आणि वस्तीतली बाई यांची गाठ पडते ती मार्गदर्शकाबरोबरच्या या साप्ताहिक चर्चेत. चर्चा नुसती सहीपुरती उरली की क्षेत्रकार्य म्हणजे हजेरीपत्रक. संस्थाही कमी नाहीत. सर्वेक्षणाचे फॉर्म भरायला आणि कार्यक्रमात खुर्च्या मांडायला फुकटचे हात म्हणून विद्यार्थी वापरून घेणाऱ्या पुष्कळ आहेत.

अभ्यास आणि संस्थेचे काम यांची सांगड समाजकार्याच्या कॉलेजांपुरती मर्यादित नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात (‘मेडिकल’) शिकलेले डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यसेवा व संशोधन करणारी संस्था स्थापन केली. गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला. तुलनेसाठी हा प्रयोग न केलेली ४७ गावे घेतली होती. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तुलनेची गावे ठेवली नसती, तर हे एक चांगले सेवाकार्य म्हणूनच राहिले असते. पुढे आशा कार्यकर्त्यांमार्फत हीच पद्धत देशभर गेली.

अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थी बहुधा महिनाभर एकाच संस्थेत पूर्णवेळ राहतो. त्याला ‘ब्लॉक प्लेसमेंट’ म्हणतात. काहींना पहिली नोकरी तिथेच लागते.