रोज एक अनोळखी अल्बम : एका नेमाची पार्श्वभूमी

ठाण्याहून सुटणारी ट्रान्स-हार्बर लोकल ऐरोली, घणसोली, तुर्भे, नेरूळ करीत पनवेलला पोहोचायला पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ घेते, आणि जुन्या एल.पी. रेकॉर्डच्या दोन्ही बाजू मिळून साधारण तेवढ्याच वेळाच्या असतात. हा निव्वळ योगायोग आहे, पण ठाण्यातील आमच्या ओळखीच्या सहा-सात नोकरदारांनी त्याचा उपयोग करून घेतला आहे. रोज सकाळी त्यांच्यापैकी एक जण बाकीच्यांनी कधीही न ऐकलेला एक अल्बम सुचवतो आणि गाडीत चढल्यावर, बसायला मिळो वा न मिळो, तो पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मधले काहीही न गाळता ऐकायचा, असा त्यांचा नेम आहे. असे नेम करणारे लोक आता जगभर आहेत. २००५ साली इंग्रजीत एक हजार एक अल्बमांची शिफारस करणारा जाडजूड संदर्भग्रंथ निघाला, तेव्हापासून तर अनेकांना आयती यादीच मिळाली. रोज एक या हिशेबाने ती संपवायला पावणेतीन वर्षे लागतात. नेम आजचा असला, तरी त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न ध्वनिमुद्रणाइतकाच जुना आहे. आपण न निवडलेले संगीत आपल्या कानांपर्यंत आणायचे कोणी, हा तो प्रश्न होय.

‘अल्बम’ हा शब्द संगीतात आला तो छायाचित्रांच्या वहीवरून. लाखेची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेत असे आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. त्यामुळे पाश्चात्त्य संगीतातील लांबलचक रचना चार-पाच तबकड्यांवर तुकड्यातुकड्यांनी मुद्रित होत आणि त्या तबकड्या जाड कागदी खिशांच्या, पुठ्ठाबांधणीच्या वहीत घालून विकल्या जात. १९०९ साली ओडियन कंपनीने रशियन संगीतकार चायकोव्हस्कीची ‘नटक्रॅकर’ संगीतमाला चार तबकड्यांच्या संचात काढली, तो असा पहिला अल्बम मानला जातो. म्हणजे अल्बम ही मुळात कलेची कल्पना नव्हती, ती बांधणीची सोय होती.

आपल्याकडे त्या वहीची गरज बराच काळ भासली नाही, कारण आपण संगीतच तीन मिनिटांत बसवले. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने कोलकात्यात गायिका गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत असल्याने तेथील कारागिरांना गाणाऱ्याची ओळख पटावी म्हणून गौहर जान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत पुकारीत. बैठकीत तासभर चालणारा ख्याल या तबकडीवर आला तो आळापाची जवळजवळ सगळी वाट गाळून, थेट बंदिशीला भिडून. याने ख्यालाचे नुकसान झाले असे म्हणणारे पुष्कळ आहेत, पण केसरबाई केरकर यांची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी ऐकल्यावर तो आक्षेप निदान काही मिनिटे तरी आठवत नाही. हीच ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर या अवकाशयानांवर बसवलेल्या सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली. त्या तबकडीवर जगभरातील २७ संगीतखंड आहेत, आणि ऐकणारा कोण हेच ठाऊक नसताना तयार केलेला हा बहुधा सर्वांत टोकाचा अनोळखी अल्बम म्हणावा लागेल.

तबकडीच्या काळात निवड ऐकणाऱ्याच्या हाती क्वचितच असे. चावीचा फोनो ज्याच्या घरी, त्याच्या आवडीची गाणी वाड्याला किंवा चाळीला ऐकावी लागत, आणि जो काही नवा सूर कानी पडे तो शेजारधर्म म्हणून. ठाण्याला या काळाचे एक खास नाते आहे. जनकवी पी. सावळाराम हे ठाण्याचे रहिवासी आणि पुढे नगराध्यक्षही. त्यांनी लिहिलेले, वसंत प्रभूंनी स्वरबद्ध केलेले आणि लता मंगेशकरांनी गायिलेले ‘गंगा जमुना डोळ्यांत उभ्या का’ हे गीत अशा असंख्य घरांत पोहोचले, ते स्वतंत्र तबकडी म्हणून. मराठी भावगीत ही मूळ तबकडीच्याच मापाने कापलेली वस्तू आहे. ते एकटे येते आणि एकटेच लक्षात राहते. त्याचा अल्बम करायचा तर तो नंतर कोणीतरी गोळा करावा लागतो.

याच्या शेजारी बैठकीची परंपरा ठेवली, तर ‘अनोळखी’ या शब्दाचा अर्थच बदलतो. ख्यालाच्या बैठकीला गेलेल्या माणसाला आज काय ऐकायला मिळणार हे आधी कळत नसे, आणि तरीही त्याला काहीच परके वाटत नसे. राग ओळखीचा, बंदिशही बहुधा ओळखीची, अनोळखी असे ती त्या संध्याकाळची मांडणी. जाणकार श्रोता आयुष्यभर यमन ऐके आणि दर वेळी तो नवा असे. वारकऱ्यांचा हरिपाठ किंवा पहाटेची भूपाळी येथे तर नावीन्याची अपेक्षाही नाही; त्या रोज तशाच हव्यात. त्यामुळे रोज नवा अल्बम ऐकण्याचा नेम आपल्या ऐकण्याच्या प्रकृतीशी जुळणारा नाही, हा आक्षेप मला सहज उडवून लावण्यासारखा वाटत नाही. त्याकडे शेवटी पुन्हा वळू.

अनोळखी गाणे घराघरांत नेण्याचे काम यानंतर रेडिओने केले, आणि ते करताना त्याने घड्याळाचा धाक वापरला. पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, गीतरामायणाचे प्रसारण सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचे, सुधीर फडके यांनी चाल लावायची आणि दर आठवड्याला एक नवे गीत श्रोत्यांपुढे यायचे, असा तो क्रम वर्षभर चालला. त्या वर्षी अधिक मास आल्याने गीतांची संख्या ५२ वरून ५६ वर गेली. लोक पुढच्या गीताची वाट पाहत, आणि ते गीत कसे असेल याची कोणालाच, कित्येकदा खुद्द कवीलाही, आदल्या आठवड्यापर्यंत कल्पना नसे. ठरावीक वेळी, ठरावीक क्रमाने, कधी न ऐकलेली रचना पूर्ण ऐकणे हीच जर या नेमाची व्याख्या असेल, तर मराठी घरांनी तो १९५५ मध्ये आठवड्याच्या हिशेबाने पाळून दाखवला होता. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. फर्माइशीच्या कार्यक्रमांत श्रोत्यांची नावे वाचून दाखवली जात, तेव्हा निवड श्रोत्याकडे आल्यासारखे वाटे; प्रत्यक्षात ती दुसऱ्या कोणाची तरी फर्माइश असे आणि आपण ती निमूटपणे ऐकत असू.

तबकडीची लांबी १९४८ साली वाढली. कोलंबिया कंपनीने त्या जूनमध्ये मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे, नेमके ३३⅓ फेरे घेणारी व्हिनाइलची तबकडी, म्हणजेच एल.पी., आणली आणि एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे मावू लागली. हिंदुस्थानी संगीताला हा बदल फार मानवला. १९५५ साली अमेरिकेत निघालेल्या उस्ताद अली अकबर खाँ यांच्या सरोदच्या एल.पी.वर एका बाजूला सकाळचा सिंधु भैरवी आणि दुसऱ्या बाजूला सायंकाळचा पिलू होता. तबला चतुरलाल यांचा, आणि प्रास्ताविक व्हायोलिनवादक येहुदी मेन्युइन यांच्या आवाजात. ज्यांनी सरोद हे वाद्य पाहिलेही नव्हते अशा श्रोत्यांसाठी हे प्रास्ताविक होते, म्हणजे अनोळखी संगीत पूर्ण ऐकावे यासाठी कंपनीनेच हात धरला होता.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण मात्र जी. एन. जोशी यांचे. ‘रानारानात गेली बाई शीळ’ गाऊन भावगीताची वाट रुळवणारे हे गायक पुढे एच.एम.व्ही. या रेकॉर्ड कंपनीत ध्वनिमुद्रणाचे काम पाहू लागले, आणि १९६७-६८ च्या सुमारास त्यांच्या निर्मितीखाली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ तयार झाला. पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, पं. हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी, ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार आणि माणिकराव पोपटकर यांचा तबला. काश्मीरच्या खोऱ्यातील धनगराचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांच्या वेळांनुसार उलगडत जातो. येथे अल्बम ही केवळ बांधणी उरली नाही. अहिरभैरवाच्या आधी पहाडी ऐकला, तर दिवस उलटा होतो. १९७४ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीला आलेला ‘शिवकल्याण राजा’ही असाच क्रमाने ऐकायचा, हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, लताबाईंचा आवाज आणि बाबासाहेब पुरंदरे यांचे निवेदन यांतून तो बांधलेला आहे, आणि निवेदन वगळून नुसती गाणी ऐकणाऱ्याला त्याचा सांगाडा कळत नाही.

अल्बम मोडला तो मोबाइलने, असा समज आहे. माझ्या मते तो त्याच्या कितीतरी आधी कॅसेटने मोडला. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेली कॅसेट आपल्याकडे ऐंशीच्या दशकात गल्लोगल्ली पोहोचली, आणि तिच्याबरोबर आली ‘गाणी भरून देणारी’ दुकाने. ठाणे स्टेशनच्या आसपास अशा दुकानात कागदावर पंचवीस गाण्यांची यादी द्यायची, कोरी साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट घ्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट आणायची. आपल्याला आधीच आवडणारी गाणी, आपल्याच क्रमाने. अनोळखी गाण्याला दार बंद करण्याची ही पहिली सार्वत्रिक सोय होती. बाजूच्या शेवटी जागा उरली, तर दुकानदार आपल्या मनाने एखादे गाणे भरून देई. आमच्या पिढीतील अनेकांना काही उत्तम गाणी केवळ या उरलेल्या फितीमुळे मिळाली.

कॅसेटचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. तिचा खर्च इतका कमी होता की मोठ्या कंपन्यांनी फारशी दखल न घेतलेले आवाज बाजारात आले. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलगीते, शाहीर विठ्ठल उमप यांची कोळीगीते, आणि ठाणे, बेलापूर, उरण, पनवेल या पट्ट्यातील आगरी-कोळी गाणी लग्नाच्या मांडवांतून घुमू लागली. सिडकोने १९७० नंतर वसवलेल्या वाशी-नेरूळच्या वसाहतींत देशभरातून राहायला आलेल्या माणसाला शेजारच्या गावठाणातील हळदीचे गाणे रात्रभर ऐकावे लागे, आणि त्याची निवड त्याने केलेली नसे. (त्याबद्दल मांडववाल्यांचे आभार मानण्याची पद्धत नाही, हे खरे.)

सी.डी.चा काळ आपल्याकडे तुलनेने थोडका. २००३ साली ॲपलने सुटे गाणे ९९ सेंटला विकायला काढले आणि अल्बमची बांधणी अधिकृतपणे सुटली. फेब्रुवारी २०१९ मध्ये स्पॉटिफाय भारतात आले तेव्हा कोट्यवधी गाणी खिशात होतीच. प्रश्न उरला होता तो पुन्हा निवडीचा. याच कंपनीने २०१५ पासून दर सोमवारी प्रत्येक श्रोत्याला तीस नव्या गाण्यांची यादी द्यायला सुरुवात केली होती. ती यादी श्रोत्याने पूर्वी काय ऐकले आणि त्याच्यासारखे इतर लोक काय ऐकतात यावरून बनते, म्हणजे गाणे नवे पण चव जुनी. चाळीतला फोनो किंवा शेजारचा मांडव आपली आवड विचारत नसे, आणि नेमके तेच यंत्राला जमत नाही, कारण त्याचा धंदा आवड ओळखण्यावर चालतो. क्रमाचेही तेच झाले. नोव्हेंबर २०२१ मध्ये गायिका ॲडेल हिने मागणी केली तेव्हा कोठे अल्बम उघडताच गाणी उलटसुलट वाजवण्याचे ठळक बटण स्पॉटिफायने मागे सारले.

ठाण्याच्या त्या मंडळींचा नेम या ठिकाणी जन्मला. यंत्राऐवजी माणसाने सुचवायचे, आणि सुचवणाऱ्याची आवड आपल्याशी जुळत नसेल तर उत्तमच. रविवारी मात्र सुट्टी.

यावरचा पहिला आक्षेप बैठकीच्या परंपरेतून येतो, तर दुसरा मानसशास्त्रातून. रॉबर्ट झायोन्क यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आवडू लागते. मग एकदाच ऐकून पुढे गेलेल्या अल्बमवर अन्यायच होतो. पहिल्या ऐकण्यात जे कर्कश वाटते ते तिसऱ्या वेळी घर करते, हा अनुभव संगीत ऐकणाऱ्या कोणालाही नवा नाही. महिनाभराने गटातील ज्येष्ठ सदस्याने हाच मुद्दा काढला आणि बराच वाद झाला. अखेर शनिवारी नवे काही ऐकायचे नाही, आठवड्यातील पाच अल्बमांपैकी सर्वांत कमी आवडलेला पुन्हा ऐकायचा, असे ठरले. पहिल्या शनिवारी मते पडली ती आगरी लग्नातील धवल्यांच्या, म्हणजे लग्नविधींच्या पारंपरिक गाण्यांच्या, एका संग्रहाला, जो सुचवणारा घणसोली गावातला आणि नावडता ठरवणारे बाकी सगळे. त्या दिवशी रबाळ्यानंतर त्याने डब्यात उभ्या उभ्या धवलारिणीच्या (धवले गाणाऱ्या बाईच्या) ओळींचा अर्थ सांगायला घेतला, आणि बाकीच्यांनी एक एक कान मोकळा केला.