आर्क की ई-आर्क? रिसीव्हर विकायला काढण्याआधी

‘डॉल्बी ॲटमॉस (डोक्यावरूनही येणारा सराउंड आवाज) हवं तर ई-आर्क लागणारच’ असं कुणीतरी ठोकून देतं आणि लोक उत्तम चाललेले रिसीव्हर (स्पीकर चालवणारे ॲम्प्लिफायर) विकायला काढतात. आर्क सगळ्यांना माहीत आहे: टीव्हीचा आवाज त्याच एचडीएमआय केबलमधून उलट रिसीव्हरकडे येतो. २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून ही सोय आहे. ई-आर्क, म्हणजे आर्कचीच जास्त क्षमतेची आवृत्ती, आलं एचडीएमआय २.१ सोबत.

ॲटमॉस एकटं येत नाही, दुसऱ्या फॉरमॅटवर बसून येतं, आणि सगळा घोळ इथेच होतो. ओटीटीवर ते डॉल्बी डिजिटल प्लसमधून येतं. हा आवाज दाबून छोटा केलेला, सहसा सेकंदाला एक मेगाबिटच्याही आत. साध्या आर्कमधून तो जाऊ शकतो; फक्त टीव्ही आर्कवरून डॉल्बी डिजिटल प्लस पाठवतो का आणि रिसीव्हर ॲटमॉस उलगडतो का, एवढं तपासा. ब्लू-रेवरचं ॲटमॉस मात्र बहुधा डॉल्बी ट्रूएचडीमध्ये असतं. त्यात काहीच गाळलेलं नसतं, त्यामुळे प्रवाह मोठा, कमाल १८ मेगाबिटपर्यंत. तो आर्कमध्ये मावत नाही. ई-आर्कची क्षमता सुमारे ३७ मेगाबिट, तिथे आरामात मावतो.

पण ब्लू-रे प्लेअर टीव्हीला जोडायचाच कशाला? थेट रिसीव्हरला लावा. आवाज तिथेच उतरतो, चित्र पुढे टीव्हीवर जातं, आर्कचा संबंधच येत नाही. रिसीव्हर असताना सगळं टीव्हीत खुपसणं मला तरी पटत नाही.

ई-आर्क खरंच लागतं ते प्लेअर जोडायला वेगळं एचडीएमआय इनपुट नसलेल्या साउंडबारला, किंवा रिसीव्हर ४के १२० हर्ट्झचं चित्र पुढे पाठवत नाही म्हणून गेमिंग कन्सोल टीव्हीला लावावा लागतो तेव्हा. कन्सोल अनेकदा मल्टिचॅनल पीसीएम (न दाबलेला आवाज) पाठवतो आणि साध्या आर्कमधून पीसीएमचे दोनच चॅनल जातात. अशा वेळी टीव्ही आणि साउंडबार किंवा रिसीव्हर, दोन्हीकडे ई-आर्क हवं. एकीकडे असून उपयोग नाही.

ओठ आणि आवाज जुळवण्याची सोय ई-आर्कमध्ये सक्तीची आहे, हा छोटा फायदा. ‘ई-आर्क स्पेशल’ म्हणून विकली जाणारी महागडी केबल घेऊ नका. इथरनेटसह हाय स्पीड एचडीएमआय केबल पुरते.

आणि ॲटमॉस दिसत नसेल तर आधी टीव्हीची सेटिंग बघा. डिजिटल ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’वर असेल तर आर्कमधून स्टिरिओच येणार. ते ‘पास-थ्रू’ किंवा ‘ऑटो’वर न्या.